साईनाथ आणि डुगडुगतं सिंहासन

पडदा वर जातो तेव्हा दुपारचे तीन वाजलेले आहेत. छताला दोन पंखे. एक फिरतो, दुसरा फिरत असल्याचा अभिनय करतो. लांब टेबलं, त्यांवर पाण्याच्या बाटल्या, चार्जरच्या वायरी आणि उशीएवढी पुस्तकं. पुस्तकांमागे वाकलेली डोकी. उजव्या विंगेत, म्हणजे जिन्यापाशी, चपलांचा ढीग. डावीकडे छोट्या टेबलामागे काठी घेतलेला एक म्हातारा बसला आहे. प्रेक्षकांनी त्याच्याकडे फार लक्ष देऊ नये. तो मी.

कल्याणात पारनाक्याच्या मागच्या गल्लीत आमच्या मंडळाची ही अभ्यासिका आहे. गणपतीत इथे गणपती बसतो, उरलेलं वर्ष सीए, बँक आणि पोलीस भरतीची मुलं बसतात. देखरेखीला कोणीतरी रिकामा माणूस हवा होता. मंडळाच्या बैठकीत विषय निघाला आणि सगळ्यांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. मी मानद व्यवस्थापक झालो. काम एकच, शांतता राखणे. ज्या माणसाने आयुष्यभर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची धडपड केली, त्याला म्हातारपणी हे काम मिळावं यात कोणाचा तरी खट्याळपणा असला पाहिजे.

नाटकात मी चोपदार होतो. इतरही पुष्कळ भूमिका केल्या, पण लोकांच्या लक्षात चोपदारच राहिला, आणि तोसुद्धा फार लोकांच्या नाही. सिंहासनाच्या डाव्या हाताला दंड घेऊन उभं राहायचं, महाराज येत असल्याची ललकारी द्यायची आणि मग तीन अंक गप्प. एकदा मुख्य नटाला कावीळ झाली म्हणून काही प्रयोग मी स्वतः महाराज झालो. कंपनी बंद पडली तेव्हा मालकांनी ज्याला जे हवं ते घेऊन जायला सांगितलं. कोणी पेटी नेली, कोणी तलवारी नेल्या. मी सिंहासन नेलं. ते ठेवायला घरात जागा नव्हती, हे घरी पोचल्यावर आमच्या सौ.नी लक्षात आणून दिलं.

तर या रंगमंचावर एके दिवशी साईनाथ डुंबरे याचा प्रवेश झाला.

चाळिशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, सावळा माणूस. खाकी गणवेशावर साधा शर्ट चढवलेला. भिंतीला हात टेकून त्याने बूट काढले, एक गुडघा जरासा कुरकुरला तसा तोंड वाकडं केलं, सगळ्यांकडे पाहून उगाचच नमस्कार केला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला. पुस्तक उघडलं. ओळीवर बोट ठेवलं. बोट तिथेच राहिलं आणि मान खाली गेली. मी काठीला टेकून पाहत होतो. इतकी वर्षं नाटकं केली, पण बसणं आणि झोपणं यांच्यात एवढंसुद्धा अंतर न ठेवणारा माणूस मी पाहिला नव्हता.

मग घोरणं सुरू झालं. आधी बारीक, मग चढतं, आणि वर पोचल्यावर एक मोठा झटका देऊन पुन्हा पहिल्यापासून.

आमच्याकडे करिश्मा नावाची एक सीए करणारी मुलगी येते. राहते डोंबिवलीत, पण अभ्यासाला कल्याणला येते, कारण डोंबिवलीच्या अभ्यासिकेत तिच्या सगळ्या मैत्रिणी आहेत. ती माझ्या टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "आजोबा, त्या काकांना काहीतरी करा ना. मी इथे ऑडिट वाचतेय आणि माझ्या मागे कोणीतरी लोडेड गाडी घेऊन घाट चढतंय."

मी गेलो, काठी आपटली. साईनाथ ताडकन उभा राहिला आणि म्हणाला, "पुढे सरका, आत जागा आहे." सगळी खोली हसली. तो ओशाळला. मला म्हणाला, "सॉरी नाना. आता नाय झोपणार." आणि बसला, आणि झोपला.

हा प्रकार रोज होऊ लागला. ठाण्याला खोपटच्या डेपोत तो कंडक्टर. पहाटेची पाळी संपवून दुपारी कल्याणला घरी यायचा, चार घास खायचा आणि आमच्याकडे यायचा. घरी आई, बायको, दोन मुलं आणि टीव्ही, म्हणून इथे. इथे येऊन झोपायचं तर घरी काय वाईट, असं मी त्याला विचारणार होतो. पण शिस्तीच्या बाबतीत मला आधी माझी स्वतःची प्रतिभा वापरून पाहायची होती.

पहिला उपाय म्हणून मी भाषण केलं. एकाग्रता, जिद्द, ध्येय, या विषयावर. हातवारे करून, आवाजाचे चढउतार घेऊन, शेवटी एक मोठा पॉझ देऊन. पॉझमध्ये साईनाथचं घोरणं फार स्पष्ट ऐकू आलं. शिवाय भाषणाआधी तो एकटा झोपत होता, भाषणानंतर बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करणारा देवेशही टेबलावर डोकं ठेवून होता.

दुसरा उपाय तपकीर. जुन्या नाट्यपरंपरेत तिला मान आहे. साईनाथने बिचाऱ्याने मी दिली तेवढी ओढली. त्यानंतरच्या शिंकेने शेजारच्या मुलीच्या नोट्स खिडकीपर्यंत गेल्या. नोट्स गोळा होईपर्यंत तो पुन्हा झोपला होता.

तिसरा उपाय आमच्या लहानपणचा, गार पाण्यात पाय सोडून बसायचं. मी घरून घमेलं आणलं. तो पाण्यात पाय घालून झोपला. उठल्यावर म्हणाला, "नाना, गुडघ्याला लय बरं वाटलं."

चौथा उपाय मात्र मला अगदी नाटकातल्या प्रवेशासारखा सुचला. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर माणूस घसरतो, सैलावतो. त्याला ताठ बसवणारी, मान राखायला लावणारी बैठक हवी. मी सिंहासन अभ्यासिकेत आणलं. लाल मखमल, दोन बाजूंना सिंह, एका सिंहाचा कान गेलेला. मी कावीळवाल्या नटाच्या जागी त्यावर बसायचो तेव्हा मला डोळा मिटायची हिंमत होत नसे, हा माझा अनुभव होता. माझा अनुभव म्हणजे प्रेक्षक समोर असण्याचा, हे मी विसरलो. साईनाथ त्या सिंहासनात असा झोपला की काय सांगू. हात दोन्ही सिंहांच्या डोक्यांवर, मान मागे, चेहऱ्यावर राज्यकारभार सुरळीत चालल्याचं समाधान. मुलांनी रांग लावून फोटो काढले.

घरी सौ.ना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अहो, त्याला झोप येते याचं औषध शोधताय, तर आधी का येते ते विचारा की. एवढं नाटकांत राहिलात, समोरच्याला बोलू द्यायचं असतं हे कोणी शिकवलं नाही?"

म्हणून एक दिवस मी त्याला खाली चहाला नेलं. मी नेलं असं मी म्हणतो. प्रत्यक्षात चहावाल्याकडे बाकडं होतं आणि साईनाथ बाकड्यावर बसला नाही. उभाच राहिला, म्हणून जागा राहिला, म्हणून बोलला.

तो मूळचा जुन्नरकडचा, ओतूरजवळच्या वाडीतला. मामाकडे कल्याणला आला, शिकला, एसटीत लागला. ऑर्डर हातात आली तेव्हा आईने गावभर पेढे वाटले. वीसेक वर्षं झाली. गाडीत कंडक्टरला स्वतःची सीट असते. साईनाथ त्या सीटवर कधी बसलाच नाही. रोज कोणीतरी म्हातारी, कोणीतरी पोटुशी, कोणीतरी लेकरू घेतलेली बाई चढायची आणि हा सीट देऊन टाकायचा. मग सवयच पडली. एवढी वर्षं माणूस हलत्या गाडीत उभा राहिला आणि आता गुडघ्याची वाटी झिजली होती. डॉक्टरने सांगितलं होतं, उभ्याचं काम बंद करा, नाहीतर पुढे चालण्याचंही बंद होईल.

बसून करायचं काम एकच त्याच्या डोळ्यांसमोर होतं, ते म्हणजे डेपोतल्या वाहतूक नियंत्रकाचं. खिडकीमागे खुर्ची, समोर माइक, कोणती गाडी कुठे लागली ते सांगायचं, गाड्या वेळेवर सोडायच्या. त्याला खात्यातली परीक्षा होती. नियमांचं भलंमोठं पुस्तक, लेखी पेपर. मागच्या वेळी तो परीक्षेला बसला होता, आणि बसला म्हणूनच घोटाळा झाला. पहिल्याच पेपरात झोपला. पेपर गोळा करणाऱ्याने हलवून उठवला. आता पुन्हा परीक्षा लागली होती, आणि त्यापुढची कधी लागेल ते कोणालाच ठाऊक नव्हतं. गुडघा तेवढा थांबणार नव्हता.

"नाना, मला खुर्ची पाहिजे," तो म्हणाला. "बाकी काय नको. आणि खुर्ची बघितली की माझे डोळे मिटतात. हसू नका."

मी हसलो नाही. सिंहासनाच्या बाजूला उभं राहून ज्याचं आयुष्य गेलं त्याला यात हसण्यासारखं काय होतं? त्या दिवसापासून तो झोपला की काठी आपटण्याआधी मी थोडा वेळ जाऊ देऊ लागलो. लोकांना वाटे, म्हाताऱ्याचाच डोळा लागला असेल. कधीकधी तेही खरं असे.

पण आता मला दिशा सापडली होती. उभा राहिला की तो जागा असतो ना? मग उभ्यानेच अभ्यास. आम्ही नाटकवाले दुसरं काय करत आलो? बसून पाठ केलेलं वाक्य प्रयोगात दगा देतं. चालत, वळत, कोणत्या शब्दाला कोणतं पाऊल हे ठरवून पाठ केलं की पायच आठवण करून देतात. मी साईनाथला अभ्यासिकेच्या गच्चीवर नेलं आणि त्याला जाहीर केलं की आजपासून हा अभ्यास नाही, तालीम आहे.

पाण्याच्या टाकीच्या सावलीत आमची गाडी उभी राहिली. कपडे वाळत घालायची तार ही गाडीतली दांडी. साईनाथ एका हाताने तार धरायचा, दुसऱ्या हातात पुस्तक. मी प्रवासी. नियम वाचायचा आणि लगेच तो प्रसंग करायचा. गाडी वाटेत बंद पडली तर प्रवाशांचं काय करायचं? मी कडेवर मूल घेतलेली बाई व्हायचो, लग्नाला निघालेला नवरामुलगा व्हायचो, ज्याला काही झालं तरी पुढची गाडी नको असा वकील व्हायचो. साईनाथ तोंडाने नियम म्हणत एकेकाला उतरवून दुसऱ्या गाडीत बसवायचा. अपघाताची वर्दी कशी द्यायची, सापडलेल्या वस्तूचं काय करायचं, वाद घालणाऱ्या प्रवाशाशी कसं वागायचं, सगळं त्याच्या अंगात शिरू लागलं. प्रत्येक नियमाची त्याने गच्चीवर जागा ठरवली होती. रजेचे नियम टाकीपाशी, शिस्तीचे जिन्याच्या दाराशी, अपिलाचे कठड्याजवळ.

एकदा मी सुक्या बोंबलांची टोपली घेतलेली आजी झालो होतो. डोक्यावरून टॉवेलचा पदर, कमरेत वाकलेला, आवाज चिरका. अभिनय चांगला उतरत होता, कारण जिन्याच्या दारात सौ. वाळत घालायच्या पापडांचं ताट घेऊन उभ्या होत्या आणि त्यांनी मला ओळखलं नाही, असं मला वाटलं. त्या साईनाथला म्हणाल्या, "या बाईला कुठे उतरवणार आहात? आमच्याकडे नको."

मुलांनाही हे आवडलं. आधी देवेश वर आला, मग करिश्मा. थोड्याच दिवसांत निम्मी अभ्यासिका गच्चीवर चालत, पुटपुटत, वळत होती. समोरच्या इमारतीतल्या एका काकूंनी मंडळाकडे चौकशी केली की वर कोणता पंथ सुरू झाला आहे. मी मात्र फुललो होतो. ओळखीच्या माणसाला थांबवून सांगत होतो की आजच्या शिक्षणपद्धतीत काय चुकतं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला मी हे इतक्या वेळा सांगितलं की मी दिसलो की तो फोन कानाला लावायचा.

परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा मी रंगीत तालीम ठेवली. साईनाथने गच्चीवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं म्हणून दाखवलं, तार सोडून, पुस्तक बंद करून. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी डोळे पुसले. टाळ्या दुसऱ्याला असल्या तरी माझे डोळे आपोआप भरतात, ती जुनी सवय आहे.

घरी येऊन मी सौ.ना सगळं रंगवून सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि परीक्षेत त्याला गच्चीवर सोडणार आहेत का?"

मी म्हणालो, म्हणजे?

"परीक्षेला माणूस बसतो ना हो? बसतो."

पंचाहत्तरी गाठलेला मी त्यांची निवडलेली भाजी पुन्हा न निवडलेल्या ढिगात टाकू लागलो. आयुष्यात ज्या परीक्षा मी दिल्या त्या सगळ्या उभ्याने दिल्या. बसून, गप्प राहून, कागदावर उतरवायचं असतं हे त्याने स्वतः सांगूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. आणि साईनाथ बोलला नव्हता, कारण त्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला खुर्चीत बसवला, समोर कोरा कागद ठेवला आणि एक प्रश्न दिला. तो कागदाकडे पाहत राहिला. टाकी नव्हती, जिना नव्हता, तार नव्हती. त्याचा डावा हात आपोआप वर गेला आणि हवेत काहीतरी शोधत राहिला. मग तो हात खाली आला आणि मान त्याच्यामागून गेली. या वेळी मी काठी आपटली नाही. करिश्मानेही मागे वळून पाहिलं नाही. जाग आली तेव्हा त्याने कोरा कागद पाहिला, घडी घालून खिशात ठेवला आणि निघाला. जाताना म्हणाला, "तुम्ही लय केलंत नाना. माझ्यातच नाय ते."

नंतर तो आलाच नाही. एक दिवस वाट पाहिली, दुसरा दिवस पाहिली. करिश्मा दोनदा विचारून गेली. अभ्यासिकेत इतकी शांतता होती की मला माझ्या कामाचा पहिल्यांदाच कंटाळा आला.

तिसऱ्या दिवशी मी खोपटला गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. डेपोत विचारत विचारत त्याची कल्याणची गाडी शोधली आणि चढलो. मला पाहून तो चपापला, पण ड्यूटीवर होता. त्याने मला त्याची स्वतःची सीट दिली. नको म्हणालो तर म्हणाला, "बसा, नियम आहे." असा नियम नाही, हे आता मलाही पाठ होतं.

गाडी निघाली. मी त्याला पहिल्यांदाच त्याच्या रंगमंचावर पाहत होतो. गाडी डावीकडे कलली की तो उजवीकडे कलायचा, ब्रेक लागायच्या आधी त्याचा पाय रुतायचा. गुडघ्याला पट्टा बांधलेला होता, तो पँटवरून कळत होता. तिकिटं, सुटे, चौकशा, कोणाला कुठे उतरायचं ते, सगळं एकाच वेळी. मग पुढे रस्त्याच्या कामापाशी गाडी अडकली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. सगळं स्तब्ध. आणि मी पाहिलं, दांडी धरून उभ्या असलेल्या साईनाथचे डोळे मिटू लागले. उभ्या उभ्या. मान खाली आली, एक क्षणभर मला ते ओळखीचं बारीक घोरणंही ऐकू आलं. मग इंजिन सुरू झालं, गाडीला हिसका बसला, आणि त्याने डोळे उघडून मागच्या माणसाला त्याचे उरलेले पैसे बरोबर परत दिले.

उभं राहणं किंवा बसणं, हा प्रश्नच नव्हता तर. गच्चीवरही तो चालत असायचा. पायाखालचं हलत असलं की हा माणूस ड्यूटीवर असतो. थांबलं की त्याच्या शरीराला कळतं, पोचलो, घर आलं. आणि मी शहाण्याने त्याला काय दिलं? सगळ्यांत जड, चार पायांवर घट्ट बसणारी, न हलणारी खुर्ची.

मी त्याला उतरताना एवढंच सांगितलं, उद्या ये, शेवटचं ये. घरी आलो आणि करवत शोधली.

सौ. दारात उभ्या राहिल्या. मी सिंहासन अभ्यासिकेतून परत आणवलं होतं आणि ते आडवं करत होतो. त्या म्हणाल्या, "एवढी वर्षं पुसून पुसून ठेवलं, ते कापायला?" मी कारण सांगितलं. त्या खाली बसल्या आणि कान गेलेल्या सिंहाला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं, म्हणजे पाय कापताना हलू नये. मला सुतारकाम येत नाही. बराच वेळ लागला. शेवटी पुढच्या डाव्या पायाचा बिस्किटाएवढा तुकडा निघाला. डाव्या हातालाच मी उभा असायचो. तेव्हा ते सुचलं नाही, आत्ता लिहिताना सुचलं.

दुसऱ्या दिवशी सिंहासन पुन्हा अभ्यासिकेत आलं, साईनाथ त्यात बसला आणि ते खटकन पुढे झुकलं. त्याने पाय रोवला. ते खटकन मागे गेलं. तो सावध झाला. मी प्रश्न दिला. त्याने पेन उचललं, सिंहासन डुगडुगलं, आणि तो लिहू लागला. अडला की थोडा डुलायचा, खट, आणि पुन्हा लिहायचा. मी मागे उभा होतो, चोपदारासारखा. पान भरलं, दुसरं भरलं. त्याचे ओठ हलत होते. मनातल्या मनात तो गच्चीवर चालत होता बहुतेक, टाकीपासून जिन्याकडे, जिन्यापासून कठड्याकडे.

खोलीभर खटखट चालली होती. मी करिश्माकडे पाहून हात जोडले. ती म्हणाली, "चालेल आजोबा. घाटापेक्षा सपाटी बरी."

तरी परीक्षेत सिंहासन नेता येणार नव्हतं. मी शक्यता विचारात घेतली नव्हती असं नाही. टेम्पोवाल्याशी बोलणंही झालं होतं. पण साईनाथने माझ्या टेबलावरचा तो कापलेला तुकडा उचलला, हातात फिरवला आणि विचारलं, "हा नेला तर?" डुगडुगणारं बाक लोक खाली काहीतरी सरकवून स्थिर करतात. स्थिर बाकाच्या एका पायाखाली हा तुकडा सरकवला की ते डुगडुगेल. एवढं साधं. मला मात्र टेम्पो सुचला होता.

परीक्षा ठाण्याला एका शाळेत होती. मी बाहेर थांबलो. आत काय झालं ते त्याने नंतर सांगितलं. बाकाखाली वाकून तो तुकडा सरकवत असताना पर्यवेक्षकांनी त्याला पकडलं. त्यांना वाटलं, चिठ्ठी. तुकडा काढायला लावला, उलटसुलट पाहिला, एका बाजूला सोनेरी रंग होता त्याचा वास घेतला, आणि हे काय आहे असं विचारलं. साईनाथला खोटं सुचत नाही. तो म्हणाला, सिंहासनाचा पाय. सगळा वर्ग वळून पाहू लागला. परीक्षेच्या ताणाने माणसांचं काय काय होतं हे पर्यवेक्षकांनी पाहिलेलं असावं. त्यांनी तुकडा हळुवारपणे परत दिला आणि पाणी हवं का विचारलं.

तो बाहेर आला तेव्हा शर्ट घामाने भिजला होता आणि डोळे टक्क उघडे होते. झोपला नव्हता. पेपर कसा गेला हे मी विचारलं नाही. आम्ही दोघांनी उभ्याने चहा घेतला.

निकाल लागला आणि तो पेढे घेऊन अभ्यासिकेत आला, तेव्हा मी भाषणाला उभा राहिलो. करिश्माने एक पेढा माझ्या तोंडात घातला, त्यामुळे ते राहिलं. तिची स्वतःची परीक्षा अजून व्हायची आहे. ती हल्ली एका बाजूने तुटलेली प्लॅस्टिकची खुर्ची मागून घेते. देवेशने सांगितलं की त्याला डुलण्याने झोपच येते, तर त्याचं औषध वेगळं असणार; मी त्यावर विचार करतो आहे, आणि सौ.नी मला आधी त्याला विचारायला सांगितलं आहे.

मागच्या महिन्यात काही कामाने ठाण्याला गेलो होतो. येताना मुद्दाम खोपटला गेलो. खिडकीमागे साईनाथ बसला होता. बसला होता. समोर माइक, बाजूला चहाचा ग्लास, गुडघ्यावर पट्टा नव्हता. तो बोलता बोलता किंचित मागेपुढे होत होता, आणि मी वाकून पाहिलं तर लोखंडी खुर्चीच्या एका पायाखाली सोनेरी रंगाचा तुकडा.

मला पाहताच तो उठला आणि मला आत बोलावून त्याच्या खुर्चीत बसवलं. पुन्हा नियम सांगितला. तो एका हाताने माइक धरून गाड्या सांगत होता, दुसऱ्या हाताने मला चहा मागवत होता. खुर्ची हळूच डुलली. मला वाटतं मी त्याला सिंहासनाची हकिकत सांगायला सुरुवात केली होती. निदान तोंड तरी उघडलं होतं. पुढचं आठवतं ते एवढंच की चहा थंड झालेला होता, काठी माझ्या हातातून काढून कोणीतरी नीट भिंतीला टेकवून ठेवली होती, आणि साईनाथ माझ्या बाजूला, डाव्या हाताला, उभा होता. माइकवर तळहात झाकून तो अगदी हळू आवाजात म्हणाला,

"कल्याणची गेली, नाना. झोपा तुम्ही. पुढचीला उठवतो."